चार पोर्ट, पण जोडी कुणाची कुणाशी?

प्रश्न : कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये लिनक्सचे नवे सर्व्हर बसवतोय. प्रत्येकाला चार नेटवर्क पोर्ट. कुठली केबल कुठल्या स्विचला गेलीय ते बघायला दर वेळी रॅकमागे वाकावं लागतं. सर्व्हरने स्वतःच ओळखून बॉन्डिंग (अनेक पोर्ट जोडून एक करणं) करावं, अशी स्क्रिप्ट जमेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : जमेल, पण स्क्रिप्टला आधी ऐकायला शिकवा. दिवा लागला म्हणजे केबल लागली, एवढंच कळतं. पलीकडे स्विचवर ग्रुप केलाय का, ते दिव्याला काय माहीत?

स्विचवर एलएसीपी (पोर्टांचा ग्रुप दोन्ही टोकांनी आपसात ठरवायचा प्रोटोकॉल) ॲक्टिव्ह असेल तर तो आपणहून पॅकेट पाठवतो, इथरटाइप (पॅकेटचा प्रकार सांगणारा आकडा) हेक्समध्ये ८८०९. संथ गतीत दर ३० सेकंदांना एक. म्हणून चारही पोर्ट नुसते अप करा आणि टीसीपीडम्प या पॅकेट टिपणाऱ्या प्रोग्रॅमला दीडेक मिनिट कान लावून बसू द्या. पाच सेकंदांत निकाल देणारी स्क्रिप्ट मी तरी सर्व्हरवर चढवणार नाही. पॅकेटमध्ये स्विचचा सिस्टिम आयडी (त्याची ओळख) आणि की (ग्रुपचा क्रमांक) असते. ज्या पोर्टांवर दोन्ही सारखे, ते एका बॉन्डचे. एलएलडीपी या शेजाऱ्याला आपली ओळख सांगणाऱ्या प्रोटोकॉलवरून स्विचचं नाव, पोर्ट नंबर कळतो, तो रॅकच्या नोंदीसाठी जरूर घ्या. पण जोडी त्यावरून ठरवू नका. एमलॅग (दोन स्विच मिळून एकच ग्रुप) असेल तर एलएलडीपीला दोन स्विच दिसतात आणि एलएसीपीला एकच.

काहीच ऐकू आलं नाही तर? स्विच पॅसिव्ह असू शकतो, म्हणजे आपण बोलल्याशिवाय तो बोलत नाही. अशा वेळी एकेका पोर्टवर तात्पुरता ८०२.३एडी (एलएसीपीवाला) बॉन्ड उभा करा आणि प्रॉक या लिनक्सची चालू स्थिती दाखवणाऱ्या फोल्डरमधली बॉन्डिंगची फाइल वाचा. पार्टनर मॅक (समोरच्या स्विचचा पत्ता) सगळा शून्य असेल तर समोर एलएसीपी नाही. मग ॲक्टिव्ह-बॅकअप (एक पोर्ट चालू, बाकीचे राखीव) ठेवा, त्याला स्विचवर काही करावं लागत नाही.

एकच मेख आहे. नेटवर्कवाल्यांनी एलएसीपीशिवाय स्टॅटिक (हाताने ठरवलेला) ग्रुप करून ठेवला असेल, तर स्विच बॅकअप पोर्टवरही पॅकेट ढकलतो आणि लिनक्स ती टाकून देतं. लक्षण विचित्र : काही मशिनांना पिंग जातं, काहींना नाही. हे बाहेरून खात्रीने ओळखता येत नाही, त्यांना फोनच करा.

आणि दोन दहा-गिगचे पोर्ट जोडले म्हणून बॅकअपची एक कॉपी वीसने धावणार नाही. एक कनेक्शन एकाच तारेवरून जातं. अनेक कनेक्शनं वाटली जावीत म्हणून हॅश पॉलिसी (कुठलं कनेक्शन कुठल्या तारेवर, हा नियम) लेयर३+४, म्हणजे आयपी पत्ता आणि पोर्ट नंबरवरून, ठेवा. स्क्रिप्टची पहिली चाचणी मात्र कन्सोलवरूनच घ्या. एसएसएचवरून, म्हणजे याच नेटवर्कमधून लांबून, घेतलीत तर अर्ध्यात सेशन तुटेल.