बोअरचं पाणी आणि पहिला फिशटँक

प्रश्न: सर नमस्कार, लातूरला राहतो. लेकीच्या हट्टापायी दीड फूट लांब, दहा इंच रुंद अन् फूटभर उंच टँक आणला, त्यात त्याच दिवशी चार गोल्डफिश, सहा निऑन टेट्रा आणि एक सकर सोडला. पाणी बोअरचं. पाचव्या दिवसापासून मासे वर येऊन तोंड उघडायलेत अन् एकेक मरायलेत. दुकानदार म्हणला पाणी खराब आहे, म्हणून सगळं पाणी काढून फिल्टरचा स्पंज नळाखाली घासला अन् आरओचं पाणी भरलं, तरी तेच. फिल्टर आवाज करतो म्हणून रात्री बंद असतो. दोन गोल्डफिश उरलेत. काय चुकलं?

उत्तर: आधी त्या दोघांचं बघा. फिल्टर चोवीस तास चालू, खायला एक दिवसाआड चिमूटभर, आणि रोज आठ-दहा लिटर पाणी काढून तेवढंच बोअरचं हळूहळू घालायचं, एकदम नाही, कारण आता ते आरओच्या पाण्यात आहेत. मग मोठा टँक किंवा हौद असलेला कोणीतरी शोधून त्याला देऊन टाका. गोल्डफिश वीतभर वाढतो, सकर तर फुटाच्या वर जातो, अन् तुमच्या टँकमध्ये खडी टाकल्यावर तीसेक लिटरच पाणी मावतं.

आता चूक. बिचाऱ्या बोअरला उगाच बोल लागला. माशाच्या घाणीतून अन् कल्ल्यातून अमोनिया निघतो, तो विषारी असतो आणि दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं अन् मासा आत तडफडतो. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर एक प्रकारचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते साप्ताहिक पाणीबदलात निघून जातं. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तुम्ही पहिल्याच दिवशी अकरा मासे सोडले. वर जे थोडेफार आले असतील ते नळाखाली धुवून टाकले, अन् रात्री फिल्टर बंद म्हणजे उरलेल्या जिवाणूंना ऑक्सिजन नाही. स्पंज धुवायचाच असेल तर टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यात नुसता पिळा.

आपल्याकडं बसाल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक जड, म्हणजे क्षारांचं असतं, गीझरच्या कॉईलवरचा पांढरा थर बघा म्हणजे कळेल. निऑनला मऊ पाणी लागतं. आता त्याच्यासाठी रोज आरओचे कॅन आणत बसायचे का? माझं मत सरळ आहे, पाण्याला मासा शोधा, माशाला पाणी नको. अन् जड पाण्यात खुशाल राहणारा मासा तुम्हाला माहीत आहे, डासाच्या अळ्या खायला हौदात सोडतात तोच गप्पी! दुकानात त्याचेच रंगीत शेपटीवाले भाऊबंद मिळतात.

गोल्डफिश देऊन झाले की रिकामा टँक पाणी भरून फिल्टरसकट चालू करा, रोज चिमूटभर खाद्य टाका, ते कुजून अमोनिया होतो अन् जिवाणूंना पोट भरायला मिळतं. कोणाच्या जुन्या टँकचा वापरलेला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. टेस्ट किटमध्ये अमोनिया अन् नायट्राइट दोन्ही शून्य आले, अन् खाद्य टाकल्यावरही परत शून्यावर यायला लागले, की मग तीन नर गप्पी, पंधरा दिवसांनी आणखी तीन, बस्स. नरच घ्या, मादी आणली तर महिन्याला पिल्लं, अन् मग लोक ती नदी-विहिरीत सोडतात, ते अजिबात करू नका. एकच फायटर, म्हणजे बेट्टा मासा, ठेवला तरी चालेल, पण गप्पींसोबत नको, शेपट्या फाडतो.

दर आठवड्याला सात-आठ लिटर पाणी बदला, काढलेलं कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात. उन्हाळ्यात टँकर आला तर त्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनवाली ब्लीचिंग पावडर असू शकते, अँटिक्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय वापरू नका. मे महिन्यात टँकचं पाणी उडतं पण क्षार मागं राहतात, म्हणून नुसतं कमी झालेलं पाणी भरायला मात्र तुमचं ते आरओचं घाला. अन् लाईट गेली की बॅटरीवरचा एअर पंप, गरम पाण्यात तसाही ऑक्सिजन कमीच असतो.

लेकीला महिनाभर रिकामा टँक दाखवत ठेवणं अवघड जाणार, तेवढ्यात दोन झाडं लावू द्या तिला, हायड्रिला जड पाण्यातही बिनतक्रार वाढते.