सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी ५डब्ल्यू-३० ऐवजी २०डब्ल्यू-५० ऑइल घालावे का?

गाडीच्या पुस्तिकेत इंजिन ऑइलची ग्रेड ५डब्ल्यू-३० लिहिलेली असताना, केवळ एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो म्हणून मेस्त्री सुचवतात ते २०डब्ल्यू-५० घालण्याचे कारण मला दिसत नाही.

‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहते ते सांगतो, तर नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती उरतो ते दर्शवतो. सोलापूरच्या सात रस्ता चौकात भर दुपारी गाडी अडकली, तरी थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून इंजिनातील कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास राखतात. त्यामुळे बाहेरच्या उन्हाचा परिणाम आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. नव्या इंजिनांतील बेअरिंगच्या फटी आणि ऑइलचे बारीक मार्ग पातळ ऑइल गृहीत धरूनच आखलेले असतात, म्हणून अतिदाट ऑइलने सकाळी इंजिन सुरू होताना वरच्या भागांत वंगण उशिरा पोहोचते आणि मायलेजही घटते. (अँबॅसिडर-पद्मिनीच्या काळी दाट ऑइलच चालत असे, हा सल्ला बहुधा त्याच सवयीतून येत असावा.)

पुस्तिकेत तापमानानुसार एकापेक्षा अधिक ग्रेड दिल्या असतील आणि जुने इंजिन जास्त ऑइल पीत असेल, तर त्यांतील दाट ग्रेड अवश्य निवडावी. मात्र आधी गळती तपासून घ्यावी. डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत ग्रेडबरोबरच कमी राखेचे ऑइल आहे ना, हेही डब्यावर पाहावे.