कीटकांच्या छायाचित्रणाची सुरुवात करताना

नवी लेन्स घेण्याआधी आपण पहाटे उठण्याची सवय लावून घ्यावी, कारण कीटक शीतरक्ताचे असल्याने ऊन चढेपर्यंत त्यांची हालचाल मंद असते आणि दवाने भिजलेला चतुर पुष्कळदा जागचा हलतही नाही. १:१ विशालनात, म्हणजे कीटक सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा, लेन्सचे छिद्र एफ/११ इतके बारीक ठेवूनही, फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १.३ मिलिमीटर भरते. म्हणून ऑटोफोकसवर विसंबण्यापेक्षा फोकस स्थिर ठेवून स्वतःच किंचित पुढे-मागे झुकावे आणि डोळा स्पष्ट होताच बटण दाबावे. पंख मिटलेल्या फुलपाखराला कॅमेरा समांतर धरल्यास अख्खा पंख रेखीव येतो. फ्लॅशवर प्रकाश मऊ करून पसरवणारा डिफ्यूझर हवाच. कीटकाला फ्रीजमध्ये गारठवून टिपण्याचा प्रकार मात्र, माझी कळकळीची विनंती आहे, कधीही करू नये.