सुया आणि क्रोशा एकाच नमुन्यात: वाचकांचे प्रश्न

दोन सुयांचे विणकाम आणि क्रोशाकाम या दोन्हींत हात बसलेल्या अनेक जणी मराठवाड्यात आहेत. परंतु दोन्ही एकाच वस्तूत वापरून स्वतःचा नमुना रचायला घेतला की अडचणी सुरू होतात, असे आलेल्या पत्रांवरून दिसते. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून पुढील सर्व उत्तरांत एकच माप धरले आहे. मध्यम जाडीची लोकर, ४ मिलिमीटरच्या म्हणजे आपल्याकडच्या ८ नंबरच्या सुया आणि एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण घेतल्यास १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके व ३० ओळी बसतात. त्याच लोकरीचे ४ मिलिमीटरच्या क्रोशाने १० सेंटिमीटरमध्ये १८ मुके खांब (क्रोशाचा आखूड टाका) बसतात. तुमच्या हाताचे माप वेगळे येईल, तेव्हा आकडे तुमचे घाला आणि रीत ही ठेवा.

प्रश्न (नांदेड): बहिणीच्या बाळासाठी बाळंतविडा करायचा आहे. स्वेटर आणि टोपडे यांत सुयांचे काम व क्रोशाकाम दोन्ही हवे आहे. कोणता भाग कशाने करावा?

आधी तो भाग अंगावर कोणते काम करणार आहे हे ठरवावे आणि मग वीण निवडावी. सुयांच्या विणीत प्रत्येक टाका म्हणजे धाग्याचा एक मोकळा वळसा असतो, त्यामुळे कापड आडवे ताणले जाते आणि सोडल्यावर पुन्हा आवरते. क्रोशाकामात प्रत्येक टाका जागच्या जागी आवळून पुरा होतो, म्हणून ते जाडसर, ठाम आणि आकार धरून राहणारे होते. यावरून स्वेटरचा खालचा काठ, मनगट आणि गळ्याची पट्टी, म्हणजे जिथे ताणून घालायचे व पुन्हा आवरायला हवे तिथे, एक टाका सुलट, एक टाका उलट अशी सुयांची वीणच, म्हणजे बॉर्डर, हवी. बटणपट्टी, खिसा आणि खांद्याचा भाग क्रोशाने केल्यास ते ओघळत नाहीत. क्रोशाचे खांब मागच्या धाग्यातून घेऊन बॉर्डरसारख्या उभ्या रेघा आणता येतात, पण त्यांना सुयांच्या बॉर्डरची लवचीकता येत नाही. तान्ह्या बाळाच्या गळ्याला तर ती पट्टी मी कधीच सुचवणार नाही, कारण डोके मोठे आणि मान लहान असल्याने घालताना-काढताना बाळ रडकुंडीला येते.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. तीनेक महिन्यांच्या बाळासाठी स्वेटरचा घेर ४६ सेंटिमीटर धरला. १० सेंटिमीटरला २२ टाके, म्हणजे ४६ ला १०१ टाके. पुढून उघड्या स्वेटरच्या दोन्ही कडांना सुलट टाका यावा यासाठी विषम संख्या लागते, ती येथे आयतीच मिळाली. काखेपर्यंतचे अंग सुयांनी विणले आणि तेथून वरचा भाग क्रोशाने करायचा ठरवला, तर त्याच ४६ सेंटिमीटरमध्ये मुके खांब मात्र ८३ च बसतात. म्हणजे जोडणीच्या ओळीत १८ टाके कमी झाले पाहिजेत. त्यासाठी टाके बंद न करता ते सुईवरच ठेवावेत, क्रोशाची सुई थेट त्या टाक्यांत घालून एकेक मुका खांब काढत जावे, आणि ओळीत सारख्या अंतरावर १८ ठिकाणी दोन टाके एकत्र घेऊन त्यांवर एकच खांब घ्यावा. १८ जोड्यांत ३६ टाके गेले, उरलेल्या ६५ टाक्यांवर ६५ खांब आले, एकूण ८३. ही जोडणी शिवणीपेक्षा सपाट बसते आणि बाळाच्या अंगाला टोचत नाही.

टोपड्याचा मागचा गोल क्रोशाने आणि चेहऱ्याभोवतीची पट्टी सुयांनी करावी. मोठी जाळी हातमोज्यांना व बाह्यांना टाळावी, कारण तान्ह्या बाळाची बोटे त्यात अडकतात. टोपड्याच्या नाड्या आखूड ठेवाव्यात आणि बाळ झोपल्यावर टोपडे काढून ठेवावे. या एका बाबतीत परंपरेपेक्षा काळजी मोठी मानावी.

प्रश्न (परभणी): थंडीसाठी विणलेल्या जॅकेटला क्रोशाची किनार लावली. खालचा काठ ठीक बसला, पण पुढच्या उभ्या कडेला झालरीसारख्या लाटा आल्या. असे का झाले?

तुम्ही उभ्या कडेला प्रत्येक ओळीत एक मुका खांब घेतला असणार. सुयांच्या विणीतील टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो, त्यामुळे उभ्या १० सेंटिमीटरमध्ये ३० ओळी येतात; तेवढ्या जागेत मुके खांब मात्र १८ च मावतात. बाकीच्या १२ खांबांना जागा नसल्याने ते लाटा करून उभे राहिले. उभ्या कडेला पाच ओळींमागे तीन खांब घ्या. बंद केलेल्या आडव्या काठाला पाच टाक्यांमागे चार खांब पुरतात. तिथे फरक थोडा असल्यामुळे तुमची चूक दिसून आली नाही. कोपऱ्यात एकाच जागी तीन खांब घ्यावेत, नाहीतर कोपरा आत ओढला जातो.

पहिली फेरी झाल्यावर जॅकेट सपाट फरशीवर अंथरून पाहावे आणि मगच दुसरी फेरी सुरू करावी. लाटा दिसल्या तर खांब जास्त आहेत, कड आत वळली तर कमी आहेत. साध्या विणीच्या कडा मुळातच गुंडाळतात, बाजूच्या मागे आणि खालची पुढे; नुसत्या एका फेरीच्या किनारीने तो दोष जात नाही. पुढचा नमुना रचताना दोन्ही उभ्या कडांचे चार-चार टाके सर्व ओळींत सुलट विणावेत आणि किनार त्यांच्यावर घ्यावी.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): पैठणीच्या पदरावरचा मोर आलेख कागदावर उतरवून स्वेटरवर विणला, तर तो बसका झाला. तोच मोर क्रोशाने नीट येईल का?

हा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण आपल्या मातीतला नमुना आपल्या हाताने लोकरीत उतरवावा हे कोणीतरी मनावर घेतले आहे.

मोर बसका झाला यात चित्राचा दोष नाही. आलेख कागदावरचा चौकोन समभुज असतो आणि विणीतला टाका तसा नसतो. कागदावर ३० चौकोन रुंद व ३० चौकोन उंच असलेली कोयरी विणल्यावर सुमारे १३.६ सेंटिमीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच येते. तिला मूळचा आकार द्यायचा तर ३० टाक्यांना ४१ ओळी लागतात. म्हणून चित्र काढण्यापूर्वी कागदावर आपल्या मापाचे चौकोन आखून घ्यावेत, रुंदी ३० भाग असेल तर उंची २२ भाग. तेवढे केले की मोराची मान पुन्हा ताठ होते.

क्रोशाने हा मोर दोन प्रकारे येतो. मुक्या खांबांत रंग बदलत केल्यास मुका खांब जवळजवळ चौरस असल्याने चित्रात फार बदल करावा लागत नाही. दुसरा प्रकार चौकटीच्या जाळीचा, म्हणजे एक खांब (मुका नव्हे, रुंदीच्या सुमारे दुप्पट उंच असलेला टाका) आणि दोन साखळ्यांची रिकामी चौकट, व जिथे आकृती हवी तिथे साखळ्यांच्या जागी दोन खांब भरायचे. एका चौकटीला तीन टाके आणि शेवटचा एक, म्हणजे ३० चौकटींच्या ओळीला ९१ टाके. या जाळीत एकाच चौकटीची बारीक रेघ हरवून जाते, म्हणून मोराची मान आणि पाय किमान दोन चौकटी जाड ठेवावेत, आणि डोळ्यासाठी एक चौकट रिकामी सोडावी.

रंगीत काम सुयांनीच करायचे असेल तर आपल्या दोन जुन्या विणकामांकडे बारकाईने पाहा. पैठणीत प्रत्येक रंगाचा बाण्याचा (आडवा) धागा आपल्या आकृतीपुरताच जातो आणि शेजारच्या रंगात गुंतून परत फिरतो. त्यासाठी प्रत्येक रंगाची वेगळी कांडी लागते आणि पाठीमागे लोंबते धागे राहत नाहीत. हिमरूमध्ये नक्षीचा जादा धागा जिथे दिसायचा नसतो तिथे कापडाच्या मागून मोकळा जातो. स्वेटरवरही हेच दोन मार्ग आहेत. पाठीवर किंवा छातीवर एकटा मोठा मोर असेल तर पैठणीचा मार्ग धरावा: प्रत्येक रंगाच्या लोकरीची छोटी गुंडी करावी आणि रंग बदलताना दोन धागे एकमेकांभोवती फिरवून घ्यावेत, नाहीतर तेथे भोक पडते. पूर्ण घेरावर लहान कोयऱ्यांची ओळ असेल तर हिमरूचा मार्ग सोयीचा. फक्त मागचा मोकळा धागा पाच टाक्यांहून लांब झाला की मध्येच अडकवून घ्यावा. एकट्या मोराला हिमरूची रीत लावली तर मागे इतके धागे साचतात की स्वेटर ताठ होतो, आणि अनेक जणींचे चांगले नमुने इथेच बिघडतात.

प्रश्न (लातूर): उन्हाळ्यात घालता येईल असे सुती जॅकेट दोन्ही पद्धतींनी करायचे आहे. पूर्वी केलेले एक धुतल्यावर लांब झाले आणि बॉर्डर सैल पडली.

आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा सूतच हवे. पण सुताला लोकरीसारखी ओढ नसते आणि ते वजनदार असते. त्यामुळे नमुन्याचा तुकडा विणून लगेच माप घेणे येथे उपयोगाचे नाही. तुकडा धुवावा, वाळवावा आणि खाली चार-पाच चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवावा. समजा, २० सेंटिमीटरचा तुकडा २१.५ झाला, तर वाढ साडेसात टक्के आहे. मग ५० सेंटिमीटर लांबीचे जॅकेट विणताना साडेशेहेचाळीसच विणावे.

बॉर्डर दोन नंबर बारीक सुयांवर घ्यावी, म्हणजे अंग ८ नंबरवर असेल तर बॉर्डर १० नंबरवर, आणि सुलट टाके मागच्या धाग्यातून विणावेत. क्रोशाचा खरा उपयोग येथे आतल्या बाजूला आहे: खांद्याच्या शिवणीवर आणि गळ्याच्या मागच्या भागावर आतून स्लिप स्टिचची (धागा टाक्यातून सरळ ओढून घेतलेल्या टाक्याची) एक ओळ घाला, म्हणजे जॅकेटचे सगळे वजन त्या ओळीवर तोलले जाते आणि खांदे उतरत नाहीत. मोकळी जाळी वर आणि जड वीण खाली अशी रचना मात्र करू नका.

प्रश्न (अंबाजोगाई): किती लोकर लागेल याचा अंदाज कसा करावा? क्रोशाला जास्त लागते हे खरे का?

खरे आहे, तेवढ्याच क्षेत्रासाठी मुक्या खांबांना साध्या विणीपेक्षा साधारणपणे जास्त धागा लागतो, कारण कापड जाड होते. दोन्ही पद्धतींचे १५ सेंटिमीटरचे चौरस तुकडे करून ते ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वेगवेगळे तोलावेत. समजा, सुयांचा तुकडा १२ ग्रॅम भरला. त्याचे क्षेत्रफळ २२५ चौरस सेंटिमीटर, म्हणून ३००० चौरस सेंटिमीटरला १६० ग्रॅम. क्रोशाच्या भागाचा हिशेब त्याच्या तुकड्यावरून स्वतंत्र करा, बेरजेत दहावा हिस्सा वाढवा, आणि लोकरीचे सर्व गुंडे एकाच लॉटचे (एकाच वेळी रंगवलेले) घ्या.

प्रश्न (जालना): मुलीच्या रुखवतासाठी गोल रुमाल करते आहे. क्रोशाचा गोल सपाट येतो, पण सुयांवर तोच प्रयत्न केला की वाटी होते.

गोलाचा घेर त्रिज्येच्या ६.२८ पट असतो, म्हणून प्रत्येक फेरीत किती टाके वाढवायचे ते टाक्याच्या उंची-रुंदीवर ठरते: ६.२८ ला ओळीच्या उंचीने गुणा आणि टाक्याच्या रुंदीने भागा. मुका खांब जवळजवळ चौरस असल्याने फेरीला ६ वाढवावे लागतात, आणि चौकटीच्या जाळीतला खांब रुंदीच्या सुमारे दुप्पट उंच असल्याने १२. साध्या विणीत हा आकडा सुमारे ४.६ येतो, म्हणजे दर दोन फेऱ्यांना ९ टाके. तुम्ही यापेक्षा कमी वाढवत असणार. एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) या विणकामतज्ज्ञ बाईंनी याच गणितावरून एक सुंदर सोय दाखवली: दर फेरीला मोजत बसण्याऐवजी त्रिज्या दुप्पट झाली की एकदाच सर्व टाके दुप्पट करायचे आणि मधल्या फेऱ्या सरळ विणायच्या. रुमालाचा मध्य असा सुयांनी करून कडेची जाळी क्रोशाने घेतली तर रुखवतात तो फार शोभून दिसेल.

प्रश्न (हिंगोली): स्वतः रचलेला नमुना इतरांसाठी लिहून काढायचा आहे. काय काय लिहावे?

दोन्ही पद्धतींची मापे वेगवेगळी लिहावीत, आणि तीही धुतल्यानंतरची. सुयांचा नंबर देताना सोबत मिलिमीटर द्यावेत, कारण आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते (८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन), आणि क्रोशाच्या सुया बहुतेक वेळा मिलिमीटरने ओळखल्या जातात. दोन्ही एकाच नमुन्यात आल्या की वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. टाके वाढवलेल्या किंवा कमी केलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एकूण टाके लिहावेत. सुयांवरून क्रोशावर जाण्याची ओळ सर्वांत सविस्तर असावी: किती टाक्यांवर किती खांब, कोणत्या बाजूने सुरुवात, आणि सुईवर शेवटी काय उरते. नंतर तो कागद दोन्ही कामे येणाऱ्या एखाद्या मैत्रिणीकडे द्यावा, ती विणत असताना तिच्याजवळ बसू नये, आणि ती जिथे थांबून विचारील ती प्रत्येक ओळ पुन्हा लिहावी.