पर्ज करू नका, डेटा अजून जागेवर असेल

प्रश्न: ताई, सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. पट्ट्या, हमाली, तोलाई, शेतकऱ्यांची उचल, सगळा हिशेब उबंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवरच्या मायएसक्यूएल ८.० या डेटाबेस प्रोग्राममध्ये. नव्या सॉफ्टवेअरला मारियाडीबी हा दुसरा डेटाबेस प्रोग्राम लागतो म्हणून पुतण्याने मायएसक्यूएल 'रिमूव्ह' केले, नेटवरून एक रिपॉझिटरी (पॅकेजेस म्हणजे प्रोग्रामचे तयार संच पुरवणारे भांडार) जोडली आणि सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेतल्या ओळी कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये टाकल्या. आता 'लिबएसएसएल १.१ इन्स्टॉल होऊ शकत नाही', 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' असे येते. दोन्हीपैकी काहीच चालत नाही. सगळे पर्ज करून, म्हणजे सेटिंगसकट पुसून, नव्याने टाकू का? — एक अडते, सांगली

उत्तर: नको. भाऊ, पर्ज अजिबात नको. 'रिमूव्ह'ने फक्त प्रोग्राम जातो. तुमचा हिशेब /व्हार/लिब/मायएसक्यूएल या फोल्डरमध्ये तसाच राहतो. पर्ज करताना मात्र डेटाबेसही काढू का, असे विचारले जाते आणि घाईत माणूस 'येस' दाबतो. मी साताऱ्यात पतसंस्थांचे सर्व्हर सांभाळते. अशा वेळी पॅकेजकडे मी नंतर बघते, आधी डेटाची प्रत काढते.

सर्व्हर बंदच आहे, तेव्हा तो फोल्डर आणि सेटिंगचा /ईटीसी/मायएसक्यूएल, दोन्ही 'सीपी -ए' या कॉपीच्या आज्ञेने बाहेरच्या डिस्कवर घ्या. '-ए'मुळे फाइलींची मालकी आणि परवानग्या टिकतात. ती डिस्क दुकानात ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर सांगलीकरांना मी काय सांगावा!

आता भांडणाचे मूळ. लिबएसएसएल हे ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या सॉफ्टवेअरचे पॅकेज. त्यातले १.१ उबंटू २०.०४ चे, म्हणजे 'फोकल'चे. तुमचे २२.०४ म्हणजे 'जॅमी', त्यात लिबएसएसएल ३ आहे. पुतण्याने जोडलेली रिपॉझिटरी बहुधा फोकलची आहे. /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी मध्ये बघा, 'फोकल' लिहिलेली ओळ बंद करा आणि 'एपीटी अपडेट' द्या (एपीटी म्हणजे उबंटूचे पॅकेज बसवणारे साधन). कुणी जुनी लिबएसएसएल १.१ ची फाइल उतरवून बसवायला सांगेल, ते ऐकू नका. ओपनएसएसएल १.१.१ ची सर्वसाधारण देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. शेतकऱ्यांच्या पैशाचा हिशेब तिच्यावर ठेवणे मला पटत नाही.

'हेल्ड' शब्दाने गोंधळू नका. तुम्ही काही रोखून धरले नसले तरी एपीटी तेच वाक्य म्हणते. खात्रीसाठी रोखलेल्या पॅकेजांची यादी देणारी 'एपीटी-मार्क शोहोल्ड' आज्ञा चालवा. काहीच दिसले नाही तर तो विषय संपला.

पुढे मायएसक्यूएलच परत आणा. आधीची आवृत्ती कोणती होती ते /व्हार/लॉग/एपीटी मधल्या हिस्टरी फाइलमध्ये मिळेल. त्याहून जुनी बसवू नका, जुना सर्व्हर नवा डेटा उघडत नाही. 'एपीटी पॉलिसी मायएसक्यूएल-सर्व्हर'मध्ये 'कॅंडिडेट'ची ओळ बघा, बसणारी आवृत्ती तीच. मग इन्स्टॉलची आज्ञा आधी '-एस' लावून द्या. काही बसत नाही, नुसते काय होईल ते दिसते. काय काढले जाणार त्याची यादी सावकाश वाचा आणि मगच खरे इन्स्टॉल करा.

ते अर्ध्यात अडून 'डीपीकेजीने (एपीटीच्या हाताखाली पॅकेज बसवणाऱ्या साधनाने) एरर दिली' असे आले तर ती ओळ फक्त परिणाम सांगते. कारण /व्हार/लॉग/मायएसक्यूएल मधल्या एरर लॉगमध्ये असते. माझा संशय पुस्तिकेतल्या त्या ओळींवर आहे. त्यात 'क्वेरी_कॅश_साइझ' ही सेटिंग असेल तर मारियाडीबी ते ओळखते, मायएसक्यूएल ८.० मधून ते काढून टाकले आहे. तेवढ्या एका ओळीमुळे सर्व्हर सुरू होत नाही आणि पॅकेज अर्धवट राहते. ओळ काढा, मग 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' द्या.

मारियाडीबी खरोखरच हवी का, हे सॉफ्टवेअरवाल्यांकडून लेखी घ्या. हवीच असेल तर ती वेगळ्या मशीनवर बसवा. दोन्हींचा डेटा फोल्डर तोच, ३३०६ हे पोर्टही (जोडणीचा क्रमांक) तेच, म्हणून उबंटू त्यांना एकत्र राहू देत नाही. शिवाय मायएसक्यूएल ८.० चा फोल्डर मारियाडीबी जसाच्या तसा उघडू शकत नाही. चालू मायएसक्यूएलमधून 'मायएसक्यूएलडंप'ने डंप, म्हणजे सगळ्या डेटाची मजकूर-फाइल, काढा आणि तो तिकडे भरा. भरताना 'अननोन कोलेशन' (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचा नियम अनोळखी) ही एरर येण्याची शक्यता मोठी, कारण ८.० चे 'यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय' बऱ्याच मारियाडीबी आवृत्त्यांना माहीत नाही. डंपच्या प्रतीत त्याजागी 'यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय' करून पुन्हा भरा, आणि दोन्हीकडच्या खातेदारांच्या बाक्या जुळवून बघा.

तरीही अडलात तर एरर लॉगच्या शेवटच्या ओळी आणि हिस्टरी फाइल पाठवा. पासवर्ड आणि शेतकऱ्यांची नावे मात्र काढून.