वकिलांनी महिन्याचा घरखर्च लिहून मागितलाय, मिसेसचा आकडा मला जास्त वाटतो, दिवाळखोरीच्या अर्जासाठी कमी करून लिहू का?

नाही. एक रुपयाही कमी करू नका, आणि मिसेसचा आकडा जास्त वाटतो हे त्यांच्यासमोर बोलला असाल तर आधी माफी मागा.

तुम्ही कोपरखैरण्याचे, आम्ही कळव्याचे. आमच्या ह्यांचं वागळे इस्टेटला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं, ते बंद पडलं, हप्ते थकले, शेवटी अर्ज करायचं ठरलं. तेव्हा घरखर्चाची पहिली यादी ह्यांनी आणि भावजींनी मिळून केली, बाहेरच्या खोलीत बसून, मी आत पोळ्या लाटत होते आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही. भाडं ९,०००, रेशन ५,०००, लाईट-गॅस २,०००, दूध २,०००, मोबाईल आणि ट्रेनचा पास १,०००. झाले १९,०००. पाच मिनिटांत संसार लिहून मोकळे.

कोर्ट नाक्याजवळच्या वकीलबाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "ह्यांचा आताच्या नोकरीचा पगार २२,०००, तुमच्या पोळीभाजीचे १२,०००, म्हणजे ३४,००० येतात. खर्च १९,०००. मग महिन्याला उरलेले १५,००० गेले कुठे? कोर्ट तुमची तपासणी घेईल तेव्हा हाच प्रश्न येणार." हे गप्प. आणि भावजी लगेच, "वहिनींचा हात पहिल्यापासून सैल आहे." वकिलासमोर. परक्या बाईसमोर.

त्या रात्रीपासून चार रात्री मी दोनशे पानी वही घेऊन बसले, बारा महिन्यांचं पासबुक आणि गूगल पेची हिस्ट्री एकेक करून उतरवली. एका मंगळवारची नोंद अजून पाठ आहे, शेअर रिक्षा २०, चार्टपेपर १५, झेरॉक्स १२, कोथिंबीर-मिरची २०, ह्यांचा वडापाव २०. असले सुटे पैसे कोणाच्याच डोक्यात राहत नाहीत आणि महिन्याचे ३,६०० झाले. सासूबाईंची शुगरची औषधं २,८००, ती यादीत नव्हतीच, भावजींची पण आईच आहे ना ती. आणि मग वर्षाचे खर्च, जे दर महिन्याला दिसत नाहीत: मुलीची फी ३६,०००, गणपती-दिवाळी १४,०००, पॉलिसीचा हप्ता ९,६००, पावसाळ्यात गळणाऱ्या भिंतीचं काम ६,०००, गावी जाण्यायेण्याचे ६,४००. बेरीज ७२,०००, भागिले बारा, महिन्याला ६,०००. सगळं धरून ३१,४००. उरतात २,६०० आणि हप्ते होते २७,००० चे. कुठला हात सैल?

त्या १४,००० मधले ५,००० गावच्या घरच्या गणपतीची आमची वर्गणी, ती दरवर्षी भावजीच मागून घ्यायचे. वही मी त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी ते पान वाचलं आणि चहा न घेता गेले. त्यांना त्यांचे उसने दिलेले ८०,००० पण आधी हवे होते, "बँकेचं नंतर बघा, घरातल्यांचं आधी द्या." वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं की अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला झुकतं माप दिलं तर तो व्यवहार कोर्ट रद्द करू शकतं. मग त्यांचंही नाव बाकीच्यांच्या रांगेत. तेव्हापासून बोलणं बंद आहे, असू दे.

तर तुमचं. बारा महिने काढा, तीन महिन्यांवरून अंदाज करू नका, जून आणि गणपतीचा महिना सुटला तर आकडा खोटाच येतो. ज्याची पावती आहे ती लावा, औषधाची तर नक्कीच.

आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात १९२० चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरीचा) कायदा चालतो, अर्ज जिल्हा न्यायालयात, मुंबई शहराला १९०९ चा वेगळा आहे, तिथल्या मित्राचा सल्ला घेऊ नका. जप्तीला घाबरून खर्च किंवा वस्तू लपवू नका. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं आणि धर्माप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत ते दागिने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्त होत नाहीत. मला हे आधी माहीत असतं तर मंगळसूत्र गहाण ठेवलं नसतं. पगारावर जप्ती आली तरी पहिले १,००० आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश सुटतो, म्हणजे ३१,००० पगाराला २१,०००. पोटगीची डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूम, असेल तर हिशेब वेगळा. आणि वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे, वेळ लिहून ठेवा.

हे सगळं आमच्या केसपुरतं. आमचं घर भाड्याचं होतं, तुमचं स्वतःचं असेल तर प्रकरण फार वेगळं होतं, ते वकिलांनाच विचारा. भाड्याचं असेल तर डिपॉझिट मालमत्तेत दाखवा, भिशी असेल तर तीही.

आणि फी कुठल्या महिन्यात भरतात, आईची औषधं कुठल्या दुकानातून येतात, हे तुम्हाला न विचारता सांगता येतंय का बघा. येत नसेल तर वही मिसेसकडे द्या.