गावात मोफत वायफाय आणि कॉम्प्युटर वर्ग सुरू केले तर लोक येतील का?

तुमच्या ग्रामपंचायतीत भारतनेटची (सरकारच्या ग्रामीण इंटरनेट योजनेची) लाईन पोहोचली आहे, समाजमंदिराची खोली रिकामी आहे आणि चार जुने कॉम्प्युटर मिळतायत, असं तुम्ही लिहिलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. पोट्टे तर वायफाय लागल्याच्या दिवशीच येतील, ओट्यावर बसून रील्स बघतील. त्यांना हाकलू नका, उद्या शिकवायला तेच कामी येतात.

खरा प्रश्न कास्तकारांचा आणि बायांचा. सीपीयू म्हणजे काय इथून वर्ग सुरू केला की दुसऱ्या दिवशी खोली रिकामी. ज्याचं जे काम अडलंय तिथूनच सुरू करा. खरिपात ई-पीक पाहणी घ्या. 2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर करायची आहे. फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो, पण तिथे रेंज नसली तरी माहिती फोनमध्ये राहते आणि गावात येऊन अपलोड करता येते. तुमचं वायफाय इथे कामाला येतं.

त्याआधी एक बघा, आधारला जोडलेला नंबर कुणाचा आहे? केंद्रावर एखाद्या काकू येतात, अर्ज भरून होतो, ओटीपी जातो पुण्याच्या लेकाकडे. तो कंपनीत ड्युटीवर, फोन गेटवर जमा. संध्याकाळपर्यंत काकू बाकड्यावर. आणि नंबर स्वतःचा असला की ओटीपी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडून सांगणारेही रोज भेटतात! वर्गाचे पहिले दिवस यातच घालवा.

पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान 2017 ला सुरू झालं आणि मार्च 2024 ला संपलं. घरटी एक माणूस, वय 14 ते 60, एकूण 20 तासांचं शिक्षण. माझ्या मते तिथे दोन गोष्टी हुकल्या. घरातून बहुतेक कॉलेजात जाणाऱ्या पोराचंच नाव जायचं, आणि साठीच्या पुढचा म्हातारा, ज्याच्या नावावर सातबारा आणि पेन्शन, तो बाहेरच. तुम्हाला असली अट नाही, सासू-सुना दोघींना बसवा.

वेळ कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवू नका, बाया दिवस मावळल्यावर घरी येतात आणि मग चूल. वेचणी संपल्यापासून पेरणीपर्यंतच्या दुपारी बऱ्या. खोलीत कूलर ठेवा, मे महिन्यात निम्मी गर्दी त्याचीच असते. इन्व्हर्टरही लागेल, लाईन गेली की वर्ग गेला.

राउटर सरपंचाच्या घरी नको, किल्ली बचत गटाकडे द्या. रस्ता किंवा पाण्याची पाईपलाईन खोदताना केबल तुटतेच, म्हणून तक्रार कुणी करायची ते नावानिशी ठरवून ठेवा. महिन्याचं बिल मात्र वर्गणीवर सोडू नका, ग्रामसभेत ठराव घेऊन गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात टाका.